अलर्टचा ढीग आणि राहिलेली इन्व्हॉइस

प्रश्न : आमच्याकडे ऑर्डर आली की इन्व्हॉइस आपोआप तयार होतं, हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंद पडते आणि ग्राहकाला मेल जातो. एखादी पायरी अडकली की मला अलर्ट येतो. मध्यंतरी एका रात्रीत शेकडो अलर्ट आले. वैतागून मी ते वेगळ्या फोल्डरमध्ये वळवले. नंतर काही ग्राहकांना इन्व्हॉइस मिळालंच नव्हतं, हे त्यांच्याच फोनवरून कळलं. रीट्राय, म्हणजे अडकलेली पायरी आपोआप पुन्हा करून बघणं, वाढवू का?

उत्तर : नका वाढवू, निदान आत्ताच नको. आधी तो फोल्डर उघडा आणि मेल तारखेनुसार न लावता एररच्या मजकुरानुसार लावा. शेकडो मेलमागे बहुधा दोन-तीनच कारणं निघतील.

एररसोबत आलेला आकडा वाचा. 429 म्हणजे तुमच्याकडून फार भराभर विनंत्या जाताहेत. 503 म्हणजे समोरची सेवा तूर्त उपलब्ध नाही. या दोन्ही अडचणी सहसा थोडं थांबलं की सुटतात. 401 आला तर बहुधा टोकनची, म्हणजे लॉगिनऐवजी वापरल्या जाणाऱ्या डिजिटल परवान्याची, मुदत संपलेली असते किंवा पासवर्ड बदललेला असतो. 400 किंवा 422 म्हणजे पाठवलेल्या माहितीतच खोट आहे, उदाहरणार्थ ईमेलचा रकाना रिकामा. अशी नोंद शंभरदा पाठवा, शंभरदा परत येईल. तिथे रीट्राय बंदच ठेवा.

जिथे रीट्राय ठेवाल तिथे अंतर वाढवत न्या : एक मिनिट, मग दोन, चार, आठ. त्यात थोडे सेकंद इकडेतिकडे होऊ द्या, नाहीतर अडकलेल्या सगळ्या ऑर्डरी एकाच क्षणी पुन्हा सर्व्हरवर आदळतात. किती वेळ थांबायचं हे काही सेवा उत्तरातच, ‘रीट्राय-आफ्टर’मध्ये सांगतात. ते सांगितलं असेल तर तेच पाळा.

मला खरी काळजी वाटते ती टाइमआउटची, म्हणजे ठरलेल्या वेळेत उत्तर न येण्याची. टाइमआउट झाला म्हणजे काम झालंच नाही, असं नव्हे. इन्व्हॉइस तिकडे तयार झालेलं असतं, फक्त उत्तर पोचायला उशीर होतो. तुम्ही पुन्हा पाठवता आणि ग्राहकाच्या नावावर दोन इन्व्हॉइस पडतात. उशिरा गेलेलं इन्व्हॉइस लोक समजून घेतात, पण दुबार बिल आलं की विश्वासच जातो. म्हणून ऑर्डर क्रमांक हीच खूण धरा. नवं इन्व्हॉइस करण्याआधी त्या क्रमांकाचं आहे का ते वर्कफ्लोने, म्हणजे आपोआप चालणाऱ्या या पायऱ्यांच्या साखळीने, तपासावं. ही सोय होईपर्यंत त्या पायरीला रीट्राय लावू नका.

आता अलर्ट. एका कारणाला एकच पाठवा; ‘टोकन संपलं, 140 ऑर्डरी खोळंबल्या, इथे जाऊन पुन्हा लॉगिन करा’ इतका स्पष्ट. रीट्रायने सुटलेल्या चुका फक्त लॉगमध्ये, म्हणजे सिस्टीमच्या नोंदवहीत, राहू द्या. सदोष नोंदी वेगळ्या यादीत जमा करा आणि ती यादी रोज कोणी बघायची, ते नावानिशी ठरवा. ‘सगळ्यांना’ गेलेला अलर्ट कोणीच बघत नाही.

आणखी एक. वर्कफ्लो सुरूच झाला नाही तर एररही येत नाही आणि अलर्टही. त्यामुळे दिवसअखेरीस आलेल्या ऑर्डरी आणि गेलेली इन्व्हॉइस यांची संख्या ताडून बघणारी छोटी तपासणी लावा. ती मूळ वर्कफ्लोच्या आत नको, स्वतंत्र असू द्या. आजच्या आज मात्र हा ताळा हातानेच करा, त्या रात्रीपासूनचा. फोन न केलेले ग्राहकही त्यात सापडतील.