लाल साड्या नंतर, आधी वही

पोरी,

तुझा सात मिनिटांचा व्हॉइस मेसेज रात्री दोनदा ऐकला. कॅनडात बेपत्ता झालेल्या, मारल्या गेलेल्या मूळनिवासी बायकांच्या आठवणीत ५ मेला लाल ड्रेस टांगतात, तसं आपल्या सांगलीच्या आयर्विन पुलाच्या कठड्याला आदिवासी बायकांसाठी लाल साड्या बांधायच्या म्हणतेस, पण लोक म्हणतील कॅनडाचं इथं काय, आणि काकू मी तर आदिवासी पण नाही. दुसरी शंका तुला आली हे बरं झालं, ती अशीच टोचू दे. पण पहिलीवर रडत काय बसलीस?

तू तिथले लाल ड्रेस बघितलेस, त्यांच्या आधीची वही नाही बघितलीस. तिथल्या मूळनिवासी बायकांच्या संघटनेनं २००५ पासून घरच्यांशी बोलून, जुने कागद उपसून बेपत्ता झालेल्या, मारल्या गेलेल्या बायकांची यादी केली, २०१० पर्यंत ५८२ जणी. मग सरकारनं पैसे थांबवले. २०१४ ला पोलिसांनी स्वतः मोजलं तेव्हा आकडा निघाला ११८१! राष्ट्रीय चौकशी बसली २०१६ ला.

आपल्याकडचं गडचिरोलीतलं देसाईगंज घे. १९७२ ला पोलीस ठाण्यातच बलात्कार झाल्याची एका आदिवासी पोरीची केस, हायकोर्टानं शिक्षा दिली आणि सुप्रीम कोर्टानं १९७८ ला अंगावर जखमा नाहीत वगैरे म्हणत दोन्ही पोलिसांना सोडलं. १९७९ ला कायद्याच्या चार प्राध्यापकांनी, त्यात आपल्या पुण्याचे पण होते, तो निकाल नीट वाचून त्याच कोर्टाला खुलं पत्र लिहिलं. ते पत्र हातात घेऊन बाया रस्त्यावर आल्या आणि १९८३ ला बलात्काराचा कायदा बदलला. कागद आधी होता गं.

आता माझं ऐक. ऊसतोडीच्या टोळीतली एक भिल्ल बाई गेली, कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, जळाली म्हणाले. आम्ही मेणबत्त्या घेऊन स्टँडपर्यंत गेलो, पेपरात फोटो आला, मी पुढच्याच रांगेत. पंधरा दिवसांनी कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, टोळी निघून गेली, आणि वकिलांनी विचारलं तेव्हा माझ्याकडं ना तिच्या पाड्याचं नाव, ना माहेरचं, ना गुन्ह्याचा नंबर. मुकादमाच्या यादीत नवऱ्याचं नाव आणि पुढं एक कोयता, एवढंच, कारण नवरा-बायको मिळून कोयता एकच. तिचं नाव मला आज पण माहीत नाही. नंतर मी कुठल्याच मेणबत्तीला गेले नाही, म्हातारी खडूस झाली म्हणतात, म्हणू देत. पण त्या रात्री आम्ही निघालो नसतो तर पोलिसांनी पंचनामा तरी धड केला असता का? जाऊ दे, हे मी माझ्यासाठीच बोलतीय.

वही म्हणजे काय? बाईचं स्वतःचं नाव, पाडा, तालुका, मुकादम कोण, तारीख, एफआयआरचा नंबर, जातीचा दाखला आहे का, कारण दाखला नसला की ॲट्रॉसिटी लावताना तिथंच अडवतात. टोळी गावी गेली तरी झिरो एफआयआर, म्हणजे हद्द दुसरी असली तरी घ्यायची तक्रार, तिकडच्या ठाण्यात करता येतो, हे प्रत्येकीला सांग. आणि बलात्काराच्या केसमधलं नाव बॅनरवर, रीलवर कुठंच टाकायचं नाही, कायद्यानं गुन्हा आहे. नाव वहीत, वही कुलपात. साडी बांधायची तर घरच्यांना विचारून, नको म्हणाले तर विषय संपला.

रविवारी सकाळी ये, बाईकवर जाऊ, अजून दोन टोळ्या आहेत तोवर. दोनशे पानी वही मी आणलीय. पाण्याची बाटली तुझी तू आण.

काकू