पुरात पूल पाण्याच्या धक्क्याने पडतो की पाया उघडा पडल्याने?

दोन्हीने पडतो, पण पायाखालची वाळू निघून जाणं हे फार मोठं कारण आहे. इंजिनिअर याला स्कॉवर म्हणतात.

समुद्रकिनारी लाट मागे जाताना टाचेखालची वाळू सरकते आणि पाय रुततो ना, तसंच. वाहतं पाणी खांबावर आदळून खाली वळतं, खांबाच्या बुडाशी भोवरा करतं आणि वाळू-गोटे उपसत राहतं. वरून पूल ठणठणीत दिसतो. पूर ओसरताना गाळ बसून तोच खड्डा बुजतो, म्हणून नंतरच्या पाहणीत तो सापडतही नाही. मला हीच गोष्ट सगळ्यात धोक्याची वाटते.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी कमानींचा पूल पुरात गेला, दोन एसटी बसेससह. अंधारात चालकांना पुढे रस्ताच नाही हे कसं कळणार?

म्हणून पाया स्कॉवरच्या खोलीखाली, शक्यतो खडकात न्यावा. जुन्या पुलांच्या खांबांशी मोठे दगड टाकावेत, पूर चालू असतानाच सोनार यंत्राने, म्हणजे ध्वनिलहरी सोडून, नदीचा तळ मोजावा. आणि पाणी धोक्याच्या खुणेवर गेलं की वाहतूक तिथल्या तिथे थांबवावी, वरून आदेश येण्याची वाट बघू नये.