अडीच वर्षांच्या मुलाची सुंता करायला सांगितली आहे, मेडिक्लेमही मंजूर झालाय. करून घ्यावी का?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगा अडीच वर्षांचा आहे. लघवी करताना पुढची कातडी जराशी फुगते आणि मागे सरकत नाही, म्हणून अमळनेरच्या डॉक्टरांनी 'फायमोसिस' सांगून ती कापायला सांगितली. ताप नाही, लघवी अडकत नाही, लघवीच्या वेळी तो रडतही नाही. विमा कंपनीची मंजुरी आली आहे, शनिवारची तारीख ठरली आहे, आणि घरचे म्हणताहेत की आपल्या खिशातून काही जात नाही, एकदाची कटकट मिटवून टाका.

शनिवारी करू नका. आधी दुसऱ्या सर्जनला दाखवा. एवढ्या ठामपणे का सांगतेय ते आता लिहिते.

मी डॉक्टर नाही. अकरा वर्षं जळगावातल्या एका खासगी दवाखान्यात कॅशलेस डेस्कवर, म्हणजे विम्याची मंजुरी मागवण्याच्या कामावर होते. तुमच्या हातात आली आहे तशी मंजुरी मी रोज दहा-पंधरा पेशंटसाठी मागवायचे, त्यामुळे ती कशी येते हे मला आतून माहीत आहे. डॉक्टर केसपेपरवर रोगाचं नाव आणि ऑपरेशनचं नाव लिहितात. आम्ही ते फॉर्मवर उतरवतो, खर्चाचा अंदाज टाकतो, सोनोग्राफीचा कागद जोडतो आणि पाठवतो. तिकडे टीपीएकडे, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणाऱ्या संस्थेत, जो माणूस बसलेला असतो, त्याने तुमच्या मुलाला पाहिलेलं नसतं. पॉलिसी चालू आहे का, वेटिंग पीरियड (पॉलिसी घेतल्यावर थांबायचा काळ) संपला का, हा आजार वगळलेल्या यादीत आहे का, रक्कम पॅकेजमध्ये बसते का, एवढं तो बघतो. चारही उत्तरं जुळली की मंजुरी. 'हे ऑपरेशन केलं नाही तर काय होईल?' असा रकाना मी भरलेल्या एकाही फॉर्मवर नव्हता.

त्यामुळे मंजुरी आली म्हणजे कोणीतरी वरच्या माणसाने तपासून 'गरज आहे' म्हटलं, असं अजिबात समजू नका. आमच्याकडे येणारे निम्मे नातेवाईक हेच समजायचे. 'कंपनीने पैसे दिले म्हणजे लागतच असेल ना,' हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल त्याला गणती नाही.

तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. आपल्याकडच्या बऱ्याच पॉलिसींत सुंतेचा खर्च मुळात वगळलेला असतो. एखाद्या आजारासाठी किंवा अपघातामुळे करावी लागली, तरच तो मिळतो. पॉलिसीच्या पुस्तिकेत वगळलेल्या गोष्टींची यादी काढून वाचा, बहुधा सापडेल. म्हणजे 'कातडी अजून सुटलेली नाही' असं लिहिलं तर पैसे नाहीत, आणि 'फायमोसिस' लिहिलं की आहेत. डॉक्टर खोटं बोलताहेत असं मी म्हणत नाही. पण त्या एका शब्दात दोन फार वेगळ्या गोष्टी मावतात, आणि फॉर्मला त्यांतला फरक कळत नाही.

पहिली गोष्ट निसर्गाची. जन्मतः ही कातडी आतल्या बोंडाला चिकटलेलीच असते. १९४९ साली इंग्लंडमधल्या डग्लस गेअर्डनर या डॉक्टरांनी नवजात मुलं तपासली, तेव्हा जेमतेम ४ टक्के मुलांची कातडी पूर्ण मागे जात होती. ती वयाप्रमाणे आपोआप सुटत जाते, कोणाची तिसऱ्या वर्षी, कोणाची दहाव्या. १९६८ साली डेन्मार्कमध्ये शाळकरी मुलांची वर्षानुवर्षं केलेली तपासणी प्रसिद्ध झाली. सहा-सात वर्षांच्या मुलांत ८ टक्क्यांची कातडी अजून घट्ट होती, सोळा-सतराव्या वर्षी फक्त १ टक्का. मधल्या काळात कोणी कात्री चालवली नव्हती, वाढत्या वयाने ते काम केलं. लघवी करताना होणारा फुगा बहुतेक वेळा याच सुटण्याच्या काळात दिसतो. धार नीट असेल, दुखत नसेल, तर नुसत्या फुग्यासाठी ऑपरेशन लागत नाही.

दुसरी गोष्ट आजाराची, आणि ती खरी असते. कातडीच्या टोकाला पांढरी, कडक, व्रणासारखी कडी तयार होते, तिथे भेगा पडतात, रक्त येतं. किंवा लघवीचं इन्फेक्शन पुन्हा पुन्हा होतं, विशेषतः लघवी मूत्राशयातून उलटी किडनीकडे जाण्याचा दोष असलेल्या मुलांत. किंवा मागे ओढलेली कातडी तिथेच अडकून सूज येते. ही शेवटची तर इमर्जन्सीच, ताबडतोब दवाखाना गाठायचा. पांढऱ्या व्रणाच्या आजारात सुंता हाच योग्य उपाय असू शकतो आणि तेव्हा ती टाळू नये. या दोन्हींच्या मधल्या मुलांना स्टेरॉइडचं मलम काही आठवडे लावायला देतात आणि बहुतेकांचं त्यावर भागतं. तुमच्या मुलाला ते तरी लागेल की नाही, हे सर्जनने हाताने तपासून ठरवायचं. घरी जोर लावून कातडी मागे ओढू नका, आजीलाही आंघोळ घालताना ओढू देऊ नका. ओढल्याने बारीक चिरा पडतात, त्या भरताना व्रण होतो, आणि जो आजार नव्हता तो तयार होतो.

'एवढंसं तर ऑपरेशन' असं तुम्हाला कोणीतरी म्हणालं असेल. अडीच वर्षांच्या पोराला त्यासाठी उपाशी ठेवून भूल द्यावी लागते. नंतर रक्त येऊ शकतं, पू होऊ शकतो, काही मुलांत पुढे लघवीचं छिद्र आकसतं आणि त्याचं आणखी एक ऑपरेशन होतं. गरज असेल तर हा धोका पत्करण्यासारखा आहे. गरज नसेल तर तो कशासाठी पत्करायचा?

सुंतेचे फायदे सांगणारे अभ्यास आहेत, तेही सांगायला हवेत. आफ्रिकेत २००५ ते २००७ या काळात प्रसिद्ध झालेल्या तीन मोठ्या चाचण्यांत प्रौढ पुरुषांना स्त्रीकडून एचआयव्ही होण्याचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी कमी झालेला दिसला. ते पुरुष मोठे होते, स्वतः तयार झाले होते, आणि त्या भागात साथ प्रचंड होती. लहान मुलांत लघवीचं इन्फेक्शन कमी होतं हेही खरं, पण एक इन्फेक्शन टाळायला शंभरेक निरोगी मुलांची सुंता करावी लागते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ साली फायदे धोक्यांपेक्षा जास्त आहेत असं म्हटलं, आणि त्याच निवेदनात प्रत्येक नवजात मुलाची सुंता करा असं सांगण्याइतके ते मोठे नाहीत, असंही म्हटलं.

पैसे कोण देतं यावर ऑपरेशनं कशी वाढतात-घटतात, हे याच सुंतेत फार स्पष्ट दिसतं. ब्रिटनमध्ये १९४८ साली सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली. वैद्यकीय कारण नसलेल्या सुंतेचा खर्च तिने उचलला नाही, आणि तिथे नवजात मुलांची सरसकट सुंता जवळपास बंद झाली. अमेरिकेत ती चालूच राहिली. तिथली मेडिकेड ही गरिबांची सरकारी योजना काही राज्यांत या सुंतेचे पैसे देते, काहींत नाही. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पैसे देणाऱ्या राज्यांतल्या दवाखान्यांत सुंतेचं प्रमाण न देणाऱ्या राज्यांपेक्षा २४ टक्क्यांच्या फरकाने जास्त निघालं. राज्याची सीमा ओलांडल्याने बाळाचं अंग बदलत नाही. बदलतं ते बिल.

धर्माने केली जाणारी सुंता हा वेगळा विषय आहे. आमच्याकडे यावल, रावेर भागातल्या तडवी आणि इतर मुस्लिम घरांतली मुलं यायची. तो त्या घरांचा निर्णय, मी त्यात बोलणार नाही. माझ्या एका सहकाऱ्याने विचारलं तेव्हा मी एवढंच म्हटलं: चांगल्या सर्जनकडून, भूल देऊन कर, पैसे स्वतः भर, पण क्लेम मिळावा म्हणून पोराच्या नावावर आजार लिहून घेऊ नकोस. एकदा कागदावर आलेला आजार त्याच्या पुढच्या प्रत्येक पॉलिसीच्या वेळी सांगावा लागतो.

आता मला हे सगळं इतकं का टोचतं, ते सांगते. माझी धाकटी जाऊ शिरपूरकडे राहते, घरची कापसाची शेती. एकतीस वर्षांची असताना तिचं अंगावरून पांढरं जायला लागलं, कंबर दुखायची. आमच्याच दवाखान्यात आणलं. सोनोग्राफी झाली, 'पिशवीला (गर्भाशयाला) सूज आहे, पुढे कॅन्सरचा धोका' असं सांगितलं गेलं. सासूबाई म्हणाल्या, "काढी टाक बाई, कॅन्सर व्हयना तर काय करशी?" दोन मुलं होती, पॉलिसी होती, आणि फॉर्म मी भरला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मंजुरी आली. मला आनंद झाला होता, घरच्या माणसाच्या कामी आले म्हणून.

ऑपरेशननंतर काढलेल्या पिशवीचा तपासणीचा रिपोर्ट आला: क्रॉनिक सर्व्हिसायटिस. म्हणजे पिशवीच्या तोंडाची जुनी सूज, कॅन्सर नाही. डिस्चार्ज कार्डावर एक लांबलचक इंग्रजी शब्द होता. मीच तो टाइप केला होता, अर्थ मात्र दोन वर्षांनी कळला: दोन्ही बीजांडंही काढली होती. तेव्हा ती तेहतीस वर्षांची होती. अंगातून गरम वाफा, रात्रभर झोप नाही, वेचणीला वाकलं की हाडं दुखतात. पांढरं जाणं अनेकदा साधं असतं किंवा इन्फेक्शनमुळे असतं, इन्फेक्शन औषधाने बरं होतं, काही इन्फेक्शनांत नवऱ्यालाही गोळ्या द्याव्या लागतात. हे मला एका सरकारी डॉक्टरीणबाईंनी नंतर समजावलं. कॅन्सरची शंका असेल तर आधी पिशवीच्या तोंडाची तपासणी करतात, तीही कोणी केली नव्हती.

ती एकटी नाही. २०१९ साली बीडच्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण विधिमंडळात गाजलं. सरकारच्या समितीने तिथे ८२ हजारांवर बायकांची पाहणी केली, त्यांत १३ हजारांहून जास्त बायकांची पिशवी काढलेली निघाली. आपल्या नंदुरबार-धुळ्याच्या बायकाही ऊसतोडीला गुजरातेत जातात, त्यांची अशी मोजणी व्हायला हवी. त्याआधी बिहार आणि छत्तीसगडमध्ये गरिबांसाठीच्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेत कुटुंबामागे वर्षाला ३० हजारांचं कार्ड आलं, आणि गावोगाव पिशव्या निघू लागल्या. ते प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. एप्रिल २०२३ मध्ये कोर्टाने सगळ्या राज्यांना याबाबतच्या मार्गदर्शक सूचना लागू करायला सांगितलं. बाळंतपणाचंही तेच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सरकारी दवाखान्यांत १४.३ टक्के सिझर, खासगीत ४७.४.

मी विम्याच्या विरोधात नाही. हार्टच्या पेशंटची शेती मेडिक्लेममुळे किंवा महात्मा फुले योजनेमुळे वाचलेली मी पाहिली आहे. म्हणूनच तो पैसा जिथे लागतो तिथे जावा असं वाटतं. आणि 'खिशातून जात नाही' हेही खरं नाही. वर्षाच्या विम्याच्या रकमेतून तेवढे वजा होतात, नो-क्लेम बोनस कमी होतो, ग्लोव्हज-सिरिंजसारख्या गोष्टी बहुधा तुम्हालाच भराव्या लागतात.

तर ताई, उद्या सकाळी दवाखान्यात फोन करून तारीख पुढे ढकला. भांडायची गरज नाही, 'आम्हाला अजून एकदा दाखवायचं आहे' एवढं पुरे. कॅशलेस डेस्कवरच्या मुलीला मंजुरी रद्द केल्याचा मेल टीपीएला पाठवायला सांगा आणि त्याची प्रत मागा. वापरली नाही तर तुमच्या विम्यातून काही कापलं जात नाही. मग धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे किंवा जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या सर्जरी ओपीडीत न्या, जमलं तर नाशिकला लहान मुलांच्या सर्जनकडे. विमा आहे हे सुरुवातीला सांगू नका. जाण्यापूर्वी मोबाइलवर त्याच्या लघवीच्या धारेचा व्हिडिओ काढा, कारण ओपीडीत मुलं लघवी करत नाहीत. आणि तिथे दोन गोष्टी विचारा: टोकाला पांढरा व्रण आहे का, आणि सहा महिने थांबलो तर नेमकं काय बिघडेल? व्रण आहे असं म्हणाले, तर तो तुम्हालाही बोट ठेवून दाखवायला सांगा. दिसला तर मलम की ऑपरेशन ते त्यांच्याशी बोलून ठरवा, आणि ऑपरेशनच ठरलं तर ही मंजुरी पुन्हा मागवता येते. त्याला फार वेळ लागत नाही.