हात वर जात नाही, आणि काही उचलूही नको म्हणतात

प्रश्न : माझं वय ५२. पाच आठवड्यांपूर्वी डाव्या स्तनाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झाली, काखेतल्या गाठीही (लसिकाग्रंथी) काढल्या. जखमेतलं पाणी काढणारी नळी निघाली, जखम भरली. पण हात खांद्याच्या वर जात नाही. काखेतून कोपरापर्यंत दोरी ताणल्यासारखी लागते, बोटांना जाणवतेही. घरचे म्हणतात, हात सुजेल, काही उचलू नकोस, व्यायामाचं तर नावच काढू नकोस. पुढच्या महिन्यात रेडिएशन आहे. काय करू?

उत्तर : ताई, आधी त्या दोरीचं बोलू, कारण पत्रात सगळ्यात जास्त धास्ती तिचीच दिसते. काखेतल्या गाठी काढल्यावर अनेकींना अशी दोरी येते. हात बाजूला नेला की कातडीखाली ती तंबोऱ्याच्या तारेसारखी उठून दिसते, कधी मनगटापर्यंतही जाते. म्हणजे आजार उलटला असं नाही. बहुतेकींची ती काही आठवड्या-महिन्यांत सैल पडते. फिजिओथेरपिस्टला मात्र दाखवा, आणि घरी कुणाला जोर लावून ओढू देऊ नका.

आता खांदा. रेडिएशनच्या वेळी हात डोक्यावर घेऊन झोपावं लागतं आणि दर खेपेला तसंच निश्चल राहावं लागतं. त्यामुळे खांदा मोकळा करणं हे तुमच्या उपचारातलंच काम समजा. सर्जनची परवानगी घेऊन भिंतीचा व्यायाम सुरू करा. भिंतीकडे तोंड करून उभ्या राहा आणि दोन बोटं भिंतीवर चालवत वर न्या. ताण लागला की थांबा, श्वास सावकाश सोडा, पाच आकडे मोजा आणि बोटं तशीच चालवत खाली आणा. हात धपकन सोडायचा नाही. पोहोचलात तिथे पेन्सिलीने खूण करा. एक गोष्ट मला रोज दिसते: हात वर जायच्या ऐवजी खांदाच कानाकडे चढतो आणि खूण वर गेली म्हणून बाई खूश! पहिले काही दिवस आरशात बघत करा. ताण चालेल, कळ नको.

घरच्यांना दोष देऊ नका. एके काळी डॉक्टरही हेच सांगायचे. सूज येण्याचा धोका खराच आहे. गाठी काढल्या, त्यावर रेडिएशन झालं की तो वाढतो. पण हात वापरला म्हणून सूज येते, ही समजूत टिकली नाही. १९९६ मध्ये कॅनडातल्या व्हँकूव्हरला डॉ. डॉन मॅकेन्झी यांनी या आजारातून गेलेल्या २४ बायकांना चक्क ड्रॅगन बोट, म्हणजे अनेकांनी मिळून वल्हवायची लांबलचक होडी, वल्हवायला बसवलं. एकीलाही नव्याने सूज आली नाही. २००९ मध्ये अशाच बायकांवरच्या अमेरिकेतल्या एका चाचणीचे निष्कर्ष आले. त्यातल्या १४१ जणींचे हात आधीच सुजलेले होते. त्यांतल्या ज्यांनी आठवड्यातून दोनदा वजनं उचलली, त्यांची सूज इतरांपेक्षा वाढली नाही, उलट ती उसळण्याचे प्रसंग कमी झाले. मात्र वजन अगदी हळूहळू वाढवलं होतं आणि सुरुवात जाणकाराच्या देखरेखीखाली होती. हे वाक्य घरच्यांना दोनदा वाचून दाखवा.

तुम्ही आत्ताच वजनं घेऊ नका. आधी खांदा पुरता फिरू दे, मग फिजिओथेरपिस्ट सांगेल तेव्हा अर्ध्या किलोपासून. दुसऱ्या दिवशी हात जड वाटला किंवा अंगठी घट्ट झाली, तर थांबा आणि त्यांना दाखवा. चालणं मात्र आजपासूनच वाढवा. रेडिएशनमध्ये थकवा येईल, तेव्हा वेळ कमी करा, पण अजिबात बंद करू नका.

हात लाल, गरम झाला किंवा ताप आला, तर व्यायाम बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. ते जंतुसंसर्गाचं लक्षण असू शकतं आणि त्यावर लगेच औषध लागतं.