तीस वर्षांची बिडी निकोटिन पॅचने सुटेल का?

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती उचलणाऱ्या आणि तीस वर्षे बिडी ओढणाऱ्या आपल्या वडिलांना निकोटिन पॅचचा (त्वचेवर चिकटवायच्या निकोटिनच्या पट्टीचा) उपयोग होईल का, असे आपण विचारले आहे. उपयोग होतो, मात्र पॅच तलफ बोथट करतो, सवय मोडत नाही. धुरातले निकोटिन काही सेकंदांत मेंदूत पोहोचते, तर पॅचमधले त्वचेतून दिवसभर सावकाश झिरपते, त्यामुळे चिडचिड व बेचैनी कमी होते आणि डांबर व कार्बन मोनॉक्साइड शरीरात जात नाही.

दिवसाला १० पेक्षा अधिक सिगारेटी ओढणाऱ्यांना साधारणपणे २१ मिलिग्रॅमचा पॅच सहा आठवडे, नंतर १४ आणि ७ मिलिग्रॅमचा प्रत्येकी दोन आठवडे देतात. बिडीचा हिशेब मात्र डॉक्टरांनीच लावावा, आणि नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल तर त्यांना विचारल्याशिवाय पॅच लावूच नये. हमालीत घाम फार येतो, म्हणून सकाळी कोरड्या, केस नसलेल्या दंडावर तो दहा सेकंद दाबून धरावा आणि रोज जागा बदलावी. रात्री विचित्र स्वप्ने पडू लागल्यास झोपताना काढून ठेवावा. चहानंतर अचानक उसळणाऱ्या तलफेसाठी (खरी परीक्षा तिथेच असते) डॉक्टरांच्या सल्ल्याने २ मिलिग्रॅमचे निकोटिन च्युइंगमही जोडीला घेता येते. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११२-३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर समुपदेशन मोफत मिळते.