पावसाळ्यात बेडरूमच्या भिंतीवर आलेल्या काळ्या बुरशीवर थेट रंग मारला तर चालेल का?

नाही, आधी ओल थांबवा आणि बुरशी काढा; नुसता रंग मारला तर तो काही महिन्यांत पोपडे धरून सुटतो. बुरशी मेली तरी तिचे बीजाणू आणि कण अ‍ॅलर्जी करतातच. शिंका, खोकला, दम्याचा जोर वाढणे हे नेहमीचे त्रास. दमट घर आणि दम्याचा संबंध जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शिकेतही नोंदवलेला आहे.

ओल कुठून येते ते असे पाहा: भिंतीवर फूटभर प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवा आणि २४ तास ठेवा. भिंतीकडच्या बाजूला पाणी साचले तर ओल भिंतीच्या आतून येते, म्हणजे कारण बाहेरच्या भेगा किंवा वरच्या मजल्याचे बाथरूम. खोलीकडच्या बाजूला साचले तर हवाच दमट. आर्द्रता ६० टक्क्यांखाली आणा, कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढा आणि खोलीत कपडे वाळत घालणे बंद करा.

डाग साधारण ३ बाय ३ फुटांपर्यंत असेल तर घरी साफ होतो. एन-९५ मास्क, हातमोजे घाला, खिडकी उघडा, पंखा बंद ठेवा. कोरडे खरवडू नका, बीजाणू उडतात. ओले करून साबणाच्या पाण्याने घासा. फुगलेली पुट्टी काढून टाका, भिंत पूर्ण वाळू द्या, मगच प्रायमर. ब्लीच प्लास्टरच्या आत फारसे मुरत नाही. वापरायचेच असेल तर अ‍ॅसिड किंवा अमोनिया असलेल्या क्लीनरमध्ये कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो.

मात्र घरात दमेकरी किंवा केमोथेरपी चालू असलेली व्यक्ती असेल तर हे काम तिने करू नये, आणि तेव्हा त्या खोलीत थांबूही नये.