वाचलेलं पुढे देताना

या वेळच्या टपालात नवं काय वाचावं हे विचारणारी पत्रं थोडी होती. वाचलेलं आणि आवडलेलं पुस्तक दुसऱ्यापर्यंत कसं पोचवावं, हे विचारणारी जास्त होती. त्यातली निवडक प्रश्नोत्तरं.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी वाचलेल्या पुस्तकांबद्दल नेहमी लिहिते. अंगठे खूप येतात, पण पुस्तक कोणी मागत नाही. माझ्या लिहिण्यात काय कमी पडतं?
— एक वाचक, डोंबिवली

‘अप्रतिम पुस्तक, प्रत्येकानं वाचायलाच हवं’ असं लिहिलं की तुम्हाला काय वाटलं ते कळतं, पण समोरच्याला हवं असतं ते कळत नाही. त्याच्या मनातले प्रश्न साधे असतात. पुस्तक केवढं आहे? कशाबद्दल आहे? भाषा जमेल का? आणि मला, म्हणजे माझ्यासारख्या माणसाला, ते आवडेल का? याची उत्तरं पाच-सहा ओळींत बसतात. उदाहरणार्थ, प्रभाकर पेंढारकरांच्या ‘रारंग ढांग’बद्दल असं लिहिता येईल :

‘हिमालयाच्या सीमाभागात लष्करासाठी रस्ता बांधायला गेलेल्या तरुण इंजिनीअरची कादंबरी. डोंगर, सुरुंग, दरडी आणि लष्करी शिस्तीशी होणारे खटके. भाषा सोपी, संवाद भरपूर, एका सुट्टीत संपते. बांधकाम, लष्कर किंवा ट्रेकिंगशी संबंध असलेल्यांना विशेष आवडेल. सुरुवातीला हुद्दे आणि माणसांची नावं एकदम येतात, तिथे थांबू नका. प्रत माझ्याकडे आहे, रविवारपर्यंत कधीही न्या.’

यातलं शेवटून दुसरं वाक्य सगळ्यांत महत्त्वाचं आहे आणि नेमकं तेच कोणी लिहीत नाही. प्रत्येक चांगल्या पुस्तकात वाचक अडण्याची एक जागा असते. ‘कोसला’त मध्येच रोजनिशी येते, ‘झाडाझडती’त पात्रांची गर्दी आहे, ‘बनगरवाडी’त माणदेशी बोली आहे. ती जागा आधी सांगितली तर वाचक तिथे पोचल्यावर ‘आपल्यालाच जमत नाही’ असं समजून पुस्तक मिटत नाही. ‘झाडाझडती’ तर लोकलमध्ये दहा-दहा मिनिटं वाचली की नावं हरवतात. धरणग्रस्तांची ती मोठी कादंबरी सलग वेळ मागते, हे सांगूनच ती द्यावी.

कथानक किती सांगायचं? पुस्तकाच्या पहिल्या चौथाई भागात जे घडतं तेवढंच. ‘बनगरवाडी’चं म्हणाल तर धनगरांच्या वाडीवर एक कोवळा मास्तर येतो आणि शाळेत पोरं नाहीत, इथपर्यंत पुरे.

मुखपृष्ठाबरोबर आतल्या एका पानाचाही फोटो टाका. टाइप किती बारीक आहे ते दिसतं आणि दोन-चार ओळी वाचून भाषेची चव कळते. एका वेळी एकच पुस्तक. दहा पुस्तकांची यादी लोक जपून ठेवतात आणि पुन्हा उघडत नाहीत. शक्य असेल तर माणूस हेरून त्याला वेगळा संदेश पाठवा. ‘काका, तुम्ही रस्तेबांधणीत होतात, हे तुम्ही वाचाच’ या एका वाक्यानं पुस्तक जितकं हलतं तितकं ग्रुपवरच्या पाच परिच्छेदांनी हलत नाही.

प्रश्न : आम्ही बारा मैत्रिणींनी पुस्तक-भिशी सुरू केली. प्रत्येकीनं आपलं पुस्तक दर महिन्याला पुढचीला द्यायचं, असं ठरलं. तिसऱ्याच महिन्यात सगळं अडलं. पुन्हा सुरू करायची तर कशी?
— एक वाचक, कोल्हापूर

दोष मैत्रिणींचा नाही, साखळीचा आहे. साखळीत प्रत्येकीचं पुस्तक मागचीनं वाचून संपवण्यावर अवलंबून असतं. एकीच्या घरी लग्न निघालं की ती रखडते, तिच्या पुढची रिकाम्या हातानं बसते आणि मागचीकडची पुस्तकं तिच्याकडे साचत जातात. त्यात एखादी पाचशे पानांची कादंबरी असेल तर दरमहा नवी व्यक्ती रखडते.

साखळी सोडा, ढीग करा. महिन्यातला एक वार पक्का ठरवा, समजा पहिला रविवार. सगळी पुस्तकं एका घरी एका टेबलावर येतील आणि चिठ्ठीच्या क्रमानं प्रत्येकीनं हवं ते उचलायचं. आता कोणी उशीर केला तर ती एकटीच मागे राहते. वाचून न झालेलं पुस्तकही टेबलावर आलंच पाहिजे. ते पुन्हा न्यायचं असेल तर तिनं सर्वांत शेवटी उचलावं. त्याआधी दुसरीनं नेलं तर नेलं. या एका नियमानं वाचनाचा वेग आपोआप वाढतो.

टेबलावर माणसांपेक्षा पुस्तकं जास्त हवीत, साधारण दीडपट. बारा जणी असाल तर अठरा पुस्तकं. नाहीतर शेवटची चिठ्ठी आलेल्या मैत्रिणीपुढे एकच उरलेलं पुस्तक असतं, आणि नावडीचं हातात पडलं की तिचा तो महिना वाया जातो. पहिल्या फेरीत अडीचशे पानांची मर्यादा घाला, जाड पुस्तकं वाचायची सवय लागल्यावर आणा.

एक शंभरपानी वही करा. प्रत्येक पुस्तकाला एक पान : कोणी नेलं, तारीख, परत आलं ती तारीख आणि एका ओळीत मत. मत ‘छान’ असं नको. ‘मधला प्रवास लांबला, पण आजीचं पात्र विसरता येत नाही’ असं हवं. वर्षभरानं ही वही म्हणजे तुमच्या गटापुरती उत्तम शिफारस-सूची होते, कारण कोणाचं मत आपल्याशी जुळतं ते तोवर कळलेलं असतं.

पुस्तक हरवलं तर त्याच पुस्तकाची नवी प्रत आणून द्यायची, आणि ते छापून मिळत नसेल तर मालकीण सांगेल ते दुसरं, हे पहिल्याच दिवशी वहीच्या पहिल्या पानावर लिहा. हरवल्यानंतर नियम केला की तो एका व्यक्तीविरुद्ध केल्यासारखा वाटतो. सही केलेलं, कोणाच्या आठवणीचं किंवा दुर्मीळ पुस्तक भिशीत आणूच नये.

प्रश्न : मुलगा अकरा वर्षांचा, इंग्रजी शाळेत. घरी मराठी बोलतो, पण मराठी पुस्तक दोन ओळींत खाली ठेवतो. कोणतं पुस्तक द्यावं?
— एक वाचक, बंगळुरू

पुस्तकाआधी त्याची अडचण कुठे आहे ते पाहा. त्याला एक पान मोठ्यानं वाचायला सांगा आणि दुरुस्ती न करता ऐका. बहुतेक मुलं जोडाक्षरांपाशी अडखळतात. अक्षर जुळवण्यात सगळं लक्ष जातं आणि ओळ संपेपर्यंत अर्थ निसटतो. म्हणजे भाषा येते, डोळ्यांना सराव नाही. अशा मुलाला त्याच्या वयाचा विषय हवा आणि वाक्यं छोटी हवीत. सहा वर्षांच्या मुलाचं चित्रमय पुस्तक दिलं तर तो अपमान समजतो. शिवकालावरची जाडजूड कादंबरी दिली तर जोडाक्षरांच्या भिंतीवर आपटतो. दुसरी चूक आईवडील प्रेमापोटी फार करतात.

भा. रा. भागवतांचा ‘फास्टर फेणे’ इथे अजूनही कामाला येतो. फुरसुंगीचा बनेश फेणे, त्याची सायकल, विद्याभवन शाळा, ‘टॉक्’ असा आवाज, आणि पानापानाला काहीतरी घडत राहतं. संवाद खूप असल्यानं पानावर मोकळी जागा दिसते. तेवढ्यानंही मुलाला हायसं वाटतं.

पद्धत अशी : पहिलं प्रकरण तुम्ही वाचून दाखवा, त्याची नजर पुस्तकावर असू द्या. प्रकरण संपवू नका. फास्टर फेणे संकटात सापडला की थांबा आणि पुस्तक त्याच्याजवळ ठेवून उठा. पुढे एक पान त्यानं, एक पान तुम्ही. रोज पंधरा मिनिटांहून जास्त नको. वाचताना तो चुकला तरी टोकू नका. अर्थच बदलत असेल तर तेवढा शब्द तुम्ही सहज उच्चारा. महिन्याभरात तुमचं पान येईपर्यंत त्याला धीर धरवत नाही असं दिसलं, की आपली पाळी सोडून द्या.

बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१पासून निघतं आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात. गोष्टी लहान आहेत, चित्रं सुंदर आहेत. परराज्यात मराठी पुस्तकांचं दुकान जवळ नसतं, तिथे तर हा मोठाच आधार.

प्रश्न : आईचं वय ७६. आयुष्यभर वाचत आली. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे, तरी आता जाड पुस्तक हातात धरवत नाही आणि अर्ध्या तासात थकते. काय आणून द्यावं?
— एक वाचक, सांगली

वजन, टाइप आणि प्रकरणाची लांबी, या तीन गोष्टी आधी पाहा. विषय नंतर. दुकानात पुस्तक एका हातात दोन मिनिटं उघडं धरून पाहा. तुमचं मनगट दुखलं तर आईला ते जमणार नाही. चकचकीत कागदाचं नको, दिव्याचा उजेड त्यावर चमकतो. पोथीसाठी वापरतात ते लाकडी व्यासपीठ टेबलावर ठेवून त्यावर पुस्तक उघडलं की हात मोकळे राहतात. दिवा मागून डाव्या खांद्यावरून यावा.

सुट्या लेखांची पुस्तकं घ्या. पु. ल. देशपांडे यांचं ‘व्यक्ती आणि वल्ली’ एका बैठकीला एक माणूस या हिशेबानं वाचता येतं. दुर्गाबाई भागवतांच्या ‘ऋतुचक्र’मध्ये बारा महिन्यांवर ललित लेख आहेत. ते चैत्रापासून सुरू करण्याची गरज नाही, जो महिना चालू असेल तोच वाचावा आणि खिडकीबाहेर पाहावं. दुर्गाबाईंची भाषा घट्ट आहे, एका दिवशी दोन-तीन पानं पुरतात. लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ आईनं पूर्वी वाचलं असेलच, पण आवडलेलं पुस्तक या वयात पुन्हा वाचण्यात निराळं सुख असतं. ते मोठं आहे म्हणून संक्षिप्त आवृत्ती मिळाली तर हातात धरायला सोपी.

ऐकण्याची पुस्तकं आणून देताना पहिल्या दिवशी फोन तिच्या हातात सोपवून निघून जाऊ नका. बटणं दिसत नाहीत, मध्येच झोप लागली तर पुढे किती गेलं ते कळत नाही. ‘झोपेचं घड्याळ’ (स्लीप टायमर, ठरल्या वेळी आवाज आपोआप बंद करणारी सोय) वीस मिनिटांवर लावून ठेवा आणि वेग थोडा कमी करा. वाचणाऱ्याचा आवाज आईला रुचतो का, हे आधी नमुना ऐकवून पाहा. आवाज नावडला तर आवडीचं पुस्तकही ती ऐकणार नाही.

प्रश्न : आमच्या मंडळात दर दोन महिन्यांनी एका पुस्तकावर चर्चा ठेवतो. निम्मे लोक न वाचताच येतात आणि पुढच्या पिढीला मराठी वाचता येत नाही.
— एक वाचक, न्यू जर्सी

पुस्तक लहान निवडा आणि मतभेद होतील असं निवडा. सगळ्यांना सारखंच आवडणाऱ्या पुस्तकावर दहा मिनिटांनंतर बोलायला काही उरत नाही. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ (१९३९) यासाठी फार चांगली. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर युरोपातून निघालेली बोट, त्यावर चक्रधर आणि हॅर्टा ही ज्यू तरुणी. पुस्तक छोटं, पण चक्रधरच्या वागण्यावर टेबलाच्या दोन बाजू पडतात. परदेशी राहणाऱ्यांना घर सुटलेल्या माणसांचं हे पुस्तक अधिकच जवळचं वाटावं.

चर्चेच्या पंधरा दिवस आधी तीन प्रश्न पाठवा, त्यातला एक पहिल्या तीस पानांवरचा असू द्या. अपुरं वाचलेल्यालाही मग बोलता येतं आणि तो पुढच्या वेळी वाचून येतो. मुलांसाठी इंग्रजी अनुवाद असलेलं पुस्तक घ्या. ‘स्मृतिचित्रे’चा शांता गोखले यांनी केलेला अनुवाद आहे. मोठ्यांनी मूळ, मुलांनी अनुवाद, आणि चर्चेत एकाच प्रसंगाचे दोन्ही उतारे मोठ्यानं वाचायचे.

प्रश्न : पुस्तकांच्या पीडीएफ ग्रुपवर फिरतात. त्या पुढे पाठवायला हरकत आहे का?
— एक वाचक, नांदेड

बहुतेक वेळा आहे. आपल्याकडे लेखकाच्या हयातीत छापलेल्या पुस्तकाचा स्वामित्वहक्क त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं राहतो. हरी नारायण आपटे १९१९ साली गेले, लक्ष्मीबाई टिळक १९३६ साली. त्यांचं मूळ लेखन आता खुलं आहे आणि असं बरंच साहित्य मराठी विकिस्रोतावर मिळतं. नव्या प्रस्तावना, संपादकाच्या टिपा आणि अनुवाद यांचे हक्क मात्र वेगळे असतात. आजच्या लेखकाची पीडीएफ फिरवली तर नुकसान थेट त्याचं आणि त्याच्या प्रकाशकाचं होतं. मराठी पुस्तकांच्या आवृत्त्या लहान असतात, शे-दोनशे प्रती न खपल्यानंही पुढची आवृत्ती अडते. त्या लेखकाचं आवडलेलं पान वाचून दाखवा आणि पुस्तक कुठे मिळेल ते सांगा.

प्रश्न : पावसात वाचायला दिलेलं पुस्तक भिजून परत आलं. कपाटातल्या बाकी पुस्तकांनाही कुबट वास येतो.
— एक वाचक, फोंडा

भिजलेलं पुस्तक उन्हात ठेवू नका, इस्त्रीही फिरवू नका. कागद वेडावाकडा आकसतो आणि बांधणी सुटते. आत चकचकीत कागदाची चित्रं असतील तर ती पानं सर्वांत आधी, ओली असतानाच हळूच सुटी करा. एकदा चिकटून वाळली की फाडल्याशिवाय निघत नाहीत. मग दर दहा-पंधरा पानांनी पांढरा टिश्यू कागद घाला. वर्तमानपत्र नको, त्याची शाई उतरते. तासा-दोन तासांनी कागद बदला. पाणी टिपून झालं की पुस्तक पंख्याखाली उभं करून पानं पसरू द्या. थोडा दमटपणा उरला असताना मिटवून वर वजन ठेवा आणि एक-दोन दिवस तसंच राहू द्या. लगेच हे करणं शक्य नसेल तर पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा. तिथे बुरशी वाढत नाही, सवडीनं काढून वाळवता येतं.

कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेलं असेल तर चार बोटं पुढे ओढा. पुस्तकं घट्ट कोंबू नका, हवा फिरली पाहिजे. प्लॅस्टिकची कव्हरं पावसाळ्यात काढा, आत ओल अडकते आणि कसर लागते. कोरडी बुरशी नाकातोंडाला रुमाल बांधून, घराबाहेर, मऊ ब्रशनं झाडा. ओल्या फडक्यानं पुसलीत तर ती कागदात आणखी खोल जाते. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका, काही वर्षांत तो पिवळा पडतो आणि डिंक कागदात उतरतो. पातळ कागदाची पट्टी आणि खळ वापरा. घरच्या खळीला कीड लागते. म्हणून बाइंडर तीत मोरचूद घालतात. ते विषारी असल्यानं घरी करण्यापेक्षा ओळखीच्या बाइंडरकडून थोडी तयार खळ आणलेली बरी.